अकरा पायऱ्यांची इस्त्री

त्या अकरा पायऱ्यांवरचं शेवाळ इतकं जुनं होतं की त्याला नुसतं शेवाळ म्हणणं म्हणजे वयस्कर माणसाला एकेरीत हाक मारण्यासारखं झालं असतं. शेजारच्या उंच भिंतीमुळे त्या दगडी जिन्याला ऊन म्हणून माहीत नव्हतं. गल्लीतलं एक मांजर रोज सकाळी वरच्या पायरीवर बसायचं आणि पाय न हलवता, बसल्या बसल्या, खाली रस्त्यावर पोचायचं. वाटेत सातव्या पायरीवर जांभईही देऊन घ्यायचं. हे पाहिलेली माणसं अजून हयात आहेत. त्यांतल्या एकाची नजर अधू आहे, पण दुसऱ्याची बरी आहे.

जिन्याच्या वर दोन खोल्या आणि खाली इस्त्रीचं दुकान. दोन्ही मावशींचं. गल्ली त्यांना मावशीच म्हणायची, लहानांपासून त्यांच्याहून मोठ्या असलेल्यांपर्यंत. अडतीस वर्षं त्या इस्त्री करत होत्या. त्यांच्या हातचा एक शर्ट म्हणे दुकानाच्या दारात आत माणूस नसताना तासभर ताठ उभा राहिला होता आणि नव्या पोस्टमनने त्याच्याकडे सही मागितली होती. पुढे पोस्टमनची बदली झाली, त्यामुळे खरंखोटं करायला जागा उरली नाही.

मागच्या महिन्यात मावशी दुधाची पिशवी घेऊन वर चढताना घसरल्या. चार पायऱ्या खाली आल्या आणि अर्धा तास तिथंच पडून राहिल्या. उठता येईना आणि हाक मारायची लाज वाटत होती. शेवटी पेपरवाल्याने हात देऊन उठवलं. संध्याकाळी मुलाचा फोन आला तेव्हा मावशी म्हणाल्या, "काही विशेष नाही, दूध सांडलं." खरं ते मुलाला पंधरा दिवसांनी पेपरवाल्याकडून कळलं, आणि ते त्याला फार लागलं.

"आई, आता बास," तो फोनवर म्हणाला. "पुढच्या रविवारी आम्ही दोघं येतोय. जिना असाच असला तर सामान बांधायचं आणि आमच्याकडे यायचं."

"आणि असाच नसला तर?"

"तर बघू."

"बघू नको. शब्द दे."

"बरं. त्या जिन्यावर माणूस घसरणार नाही असं करून दाखव. मग मी पुन्हा विषय काढणार नाही."

मुलाचं घर काही वाईट नव्हतं. सूनही बोलायला मोकळी होती. पण तिथं मावशी पाहुण्यासारख्या टॉवेल कुठे वाळत घालू असं विचारायच्या, आणि इथं अजून सात-आठ जुनी गिऱ्हाइकं सकाळी कपडे टाकून जायची. दुकान बंद म्हणजे हात बंद, आणि हात बंद झालेल्या बाईला लोक औषधाच्या वेळा विचारायला लागतात, हे मावशींनी दोन मैत्रिणींच्या बाबतीत पाहिलं होतं.

सोमवारी त्या तारेचा ब्रश घेऊन जिन्यावर बसल्या. तीन तासांत एका पायरीचं वरवरचं शेवाळ निघालं आणि कंबर अर्धी गेली. मंगळवारी कमरेने सुट्टी मागितली. बुधवारी बंबवाले आले.

बंबवाले म्हणजे मावशींच्या यजमानांचे जुने दोस्त. यजमान गेले तरी त्यांचं येणं चालू राहिलं, आणि 'वहिनी' म्हणणंही. अग्निशमन दलात तीस वर्षं काढून निवृत्त झालेले. पाण्याच्या झोतावर माणूस बसवून त्याला वरच्या मजल्यावर पोचवल्याची त्यांची एक गोष्ट होती. झोत हळूहळू कमी करत त्याला एका आजीबाईंसकट अलगद खाली घेतलं, असा शेवट. पहिल्यांदा ही गोष्ट सांगितली तेव्हा तो पहिला मजला होता. पुढे दर वर्षी इमारतीवर एकेक मजला चढत गेला. आता पाच झाले होते आणि आजीबाईंच्या हातात पिंजऱ्यातला पोपट आला होता.

"वहिनी, ब्रशने काय दात घासताय जिन्याचे? माझ्याकडे प्रेशरचं मशीन आहे."

"कधी घेतलंत?"

"झालं वर्ष. स्कूटर धुवायला."

"मग स्कूटर कुठंय?"

"स्कूटर आहे. रंग गेलाय जरा." बंबवाल्यांनी विषय बदलला. "शनिवारी सकाळी आणतो. तासाभराचं काम. तुम्ही वर बसून चहा प्या."

शनिवारी आठ वाजता मशीन आलं. दोन चाकांवरचं, लहान सुटकेसएवढं. त्याला एक लांब काळा पाइप, पाइपच्या टोकाला बंदूक, बंदुकीला घोडा आणि पुढे बसवायला चार रंगांची चार तोंडं: लाल, पिवळं, हिरवं, पांढरं. बरोबर माहितीचं पुस्तकही होतं. ते अजून पिशवीतच सीलबंद होतं. म्हणजे स्कूटरचं काय झालं ते मावशींना कळलं.

त्यांनी चष्मा लावून पुस्तक उघडलं. कपड्याच्या कॉलरमागचं बारीक लेबल वाचल्याशिवाय त्या इस्त्री तापवत नसत, तर हे काय.

"भावजी, इथं लिहिलंय, आधी खिडक्या लावून घ्या. मग लिहिलंय, डोळ्यांवर चष्मा, पायात बंद बूट."

"वहिनी, मी आगीत शिरलेला माणूस. पाण्याला काय घाबरायचं?"

"मी घाबरत नाही, वाचतेय. वायरीचा बोर्ड जमिनीवर ठेवू नका म्हणतायत."

बोर्ड दुकानातल्या इस्त्रीच्या टेबलावर गेला. बंबवाल्यांनी नळाला पाइप जोडला, आणि लाल तोंड उचलून बंदुकीला बसवलं. लाल का, तर बंब लाल असतो. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांना एकच शिकवलं होतं: झोत जितका बारीक आणि जोरकस, तितका चांगला, आणि तो आगीच्या मुळावर धरून ठेवायचा, हलवायचा नाही. त्यांनी पाय फाकवले, सगळ्यांत खालच्या पायरीच्या काठाशी बंदूक नेली आणि घोडा ओढला.

झोत सुईसारखा निघाला आणि बंबवाल्यांनी तो इमानदारीने एका जागी धरून ठेवला. शेवाळ गेलं. शेवाळाखालची धूळ गेली. मग दगडही जायला लागला. मावशींनी हात वर करून थांबायला सांगितलं, तर ऐकायला ते वळले आणि त्यांच्याबरोबर बंदूकही वळली. झोताने आधी भिंतीवरच्या पत्रपेटीचा रंग पातळ पापुद्रा सोलावा तसा सोलला आणि मग बंबवाल्यांच्या उजव्या बुटाच्या टोकावरून गेला.

घोडा सुटला. सगळं शांत झालं. बुटाच्या टोकाला चाकूने कापावी तशी फट पडली होती आणि आतून तपकिरी मोजा बाहेर पाहत होता.

"बोटं आहेत ना सगळी?" मावशींनी विचारलं.

बंबवाल्यांनी बुटात बोटं हलवून मोजली. "पाच."

"चप्पल असती तर चार असती." मावशींनी त्यांच्या हातातून बंदूक काढून घेतली. "आता तुम्ही पाइप धरा."

"वहिनी, हे बायकांचं—"

"पाइप धरा, भावजी. आणि मी सांगितल्याशिवाय बटणाला हात लावू नका."

पायरीच्या काठाला बोटभर लांब खाच पडली होती. मावशींनी ती अंगठ्याने चाचपली. जळलेल्या शर्टावरून असाच अंगठा त्या फिरवायच्या. आणि तेव्हाच त्यांना ते मशीन समजलं. ही इस्त्रीच आहे. नुसती गरम नाही, एवढंच. एका जागी थांबली की कापड गेलं.

त्या वर जाऊन यजमानांची जुनी पँट घालून आल्या. जिना धुवायचा म्हणून पँटला आधी इस्त्री केली होती. बंबवाल्यांनी पँटची ती कडक धार पाहिली आणि ते बघतच राहिले, पण बुटाची आठवण ताजी असल्याने ते काही बोलले नाहीत. डोळ्यांवर दुकानातला जाड चष्मा, पायात रबरी तळाचे बूट. बंदुकीला पांढरं तोंड, म्हणजे झोत पंख्यासारखा पसरणारा, सगळ्यांत मऊ.

"आधी नळ सोडा. आता मी नुसता घोडा ओढून ठेवते, पाइपातली हवा जाऊ दे. फुसफुसायचं थांबलं ना? आता बटण."

पहिली परीक्षा कोपऱ्यात, जिथं कुणाचं लक्ष जात नाही. नव्या कापडावर इस्त्री आधी आतल्या बाजूला टेकवून बघतात, तशी. हातभर अंतरावरून सुरुवात. शेवाळ हललं नाही. वीतभर पुढे. तरी नाही. मग तोंड बदलून हिरवं, पुन्हा हातभर मागे, पुन्हा हळूहळू पुढे. एका ठिकाणी शेवाळ सालीसारखं उठलं आणि खाली दगड दिसला. फिकट, पिवळसर, बारीक चमक असलेला. मावशी इतक्या वर्षांत त्या दगडाला पहिल्यांदा भेटत होत्या.

"हे अंतर," त्या म्हणाल्या. "आता याच्या पुढेही नाही आणि मागेही नाही."

पायऱ्या वरून खाली घ्यायच्या हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. वर दाराशी उभं राहून पहिली पायरी धुतली, मग तिच्यावर उतरून दुसरी, दुसरीवरून तिसरी. म्हणजे पाय कायम धुतलेल्या दगडावर, आणि घाण पाणी पुढे, खाली. दोन्ही हातांत बंदूक, कोपर अंगाशी. झोत मागे ढकलायचा, पण अडतीस वर्षं जड इस्त्री ढकललेल्या खांद्यांना त्याचं काही वाटेना. डावीकडून उजवीकडे एक पट्टा, परत येताना निम्मा त्याच पट्ट्यावर, म्हणजे मध्ये रेघ राहत नाही. बंबवाले खाली उभे राहून पाइप पायात येणार नाही असा बाजूला धरत होते. पाण्याबरोबर शेवाळाचे हिरवे गोळे वाहत गटाराकडे निघाले होते. मांजर भिंतीवर बसून ती मिरवणूक बघत होतं. त्याची रोजची गाडी कायमची बंद होत होती.

"वहिनी, आमच्या साहेबांनी तुम्हाला पाहिलं असतं तर बंबावर घेतलं असतं."

"आणि तुम्हाला इस्त्रीवर. पाइप उचला, बोर्डाच्या वायरीवर पाणी जाईल."

एकाच गोष्टीत मावशी पुस्तकाशी सहमत नव्हत्या. दगडांच्या सांध्यांवर झोत जवळून धरू नका, असं सोळाव्या पानावर लिहिलं होतं. मावशींनी ते वाचलं होतं, दोनदा. आणि मनात म्हटलं होतं, हे लिहिणाऱ्याने आयुष्यात शर्ट इस्त्री केलेला नाही. शर्टात महत्त्वाचं काय असतं? शिवण. पाठ कुणीही करेल. कॉलर जिथं जोडलेली असते, बाही जिथं शिवलेली असते, तिथं इस्त्रीचं टोक घालून दोनदा दाबलं तर कपडा कपड्यासारखा दिसतो. शिवण सोडून इस्त्री करणारी माणसं त्यांना भेटली होती. त्यांची दुकानं आता चालत नव्हती.

म्हणून प्रत्येक पायरी झाली की त्या मागच्या सांध्यात बंदूक जवळ नेऊन दोनदा ओढत. जिथं हिरवी रेघ हट्टी होती तिथं तीनदा. सांधे कसे कोरीव, काळेभोर दिसायला लागले. अकराव्या पायरीला पोचेपर्यंत दुपारचा एक वाजला. मावशींनी बटण बंद करायला लावलं, नळ बंद करवला आणि पाइपात अडकलेला जोर जावा म्हणून रिकामा घोडा ओढला. शेवटची पिचकारी सुटली आणि बंदूक मऊ पडली.

जिना असा दिसत होता की रस्त्यावरून जाणारी एक बाई चपला काढू का म्हणून थांबली.

"झालं," मावशी म्हणाल्या. "चला, चहा टाकते."

त्या चढू लागल्या. आठ पायऱ्या ठणठणीत. वरून तिसरीवर पाय ठेवला आणि पायरी म्हणाली, डुग.

मावशी थांबल्या. वजन दुसऱ्या पायावर घेतलं. पायरी पुन्हा म्हणाली, डुग.

त्या वाकल्या आणि सांध्यात बोट घातलं. बोट दुसऱ्या पेरापर्यंत गेलं. आत काही नव्हतं. जुना चुना, वाळू, जे काही त्या दगडांना इतकी वर्षं धरून बसलं होतं, ते सगळं शेवाळाबरोबर गटारात गेलं होतं. त्यांनी शेजारचा सांधा पाहिला, मग खालचा. सगळे दात कोरल्यासारखे स्वच्छ.

बंबवाले खालून बघत होते. "काय झालं?"

"शिवण उसवली," मावशी म्हणाल्या आणि तिथंच बसल्या. मग म्हणाल्या, "पुस्तकात लिहिलं होतं, भावजी. मी वाचलं होतं."

बंबवाल्यांनी कापलेल्या बुटाकडे पाहिलं आणि बोलायला आलेलं गिळलं. त्यांच्या आयुष्यात हे फार वेळा घडलेलं नाही. "सिमेंट आणि बारीक वाळू आणतो," ते म्हणाले. "तासात येतो."

तीन वाजता दोघं कामाला लागली. चाळलेली वाळू, सिमेंट, बेताचं पाणी. बंबवाले घमेल्यात कालवायचे आणि मावशी थापीने सांध्यात दाबून भरायच्या, वर बोटाने गुळगुळीत करायच्या. डुगडुगणारा दगड उचलून त्याच्याखाली नवा थर घातला. पण काम सुरू करण्याआधी एक प्रश्न सोडवावा लागला होता.

"दुकानदार म्हणाला, निदान उद्या संध्याकाळपर्यंत कुणी पाय ठेवायचा नाही," बंबवाले म्हणाले. "वरून खाली भरत या. म्हणजे शेवटी तुम्ही खाली. रात्री आमच्याकडे चला, ही वाट बघतेय."

मावशींनी वर दाराकडे पाहिलं. "उद्या सकाळी मुलगा येणार. त्याने मला पिशवी घेऊन तुमच्या दारात उभं पाहिलं, की तो म्हणणार, आई, घराबाहेर पडलीच आहेस, तर बस गाडीत. आणि मी बसेन. मी स्वतःला ओळखते. खालून वर भरत जायचं. शेवटी मी वर."

"आणि लागलंसवरलं काही?"

"दूध आहे, पाव आहे, पाणी भरलेलं आहे. माणूस एका दिवसात मरत नाही."

"मी शिडी आणून ठेवतो. खिडकीला लावली की—"

"शिडी नको, भावजी. शिडीवरून उतरवलेली बाई म्हणजे सुटका केलेली बाई. माझी कुणी सुटका करायला नकोय."

पाच वाजता मावशी शेवटचा सांधा भरून आपल्या उंबऱ्यात मागे सरकल्या. खाली बंबवाल्यांनी दोन खुर्च्या आडव्या टाकून त्यांना दोरी बांधली आणि पाटी लटकवली: पुढे धोका. पाटी खरीखुरी होती. निवृत्त होताना त्यांनी आणखी काय काय घरी आणलं होतं देव जाणे.

त्या संध्याकाळी मावशी दारात बसून पाव-दूध खात होत्या. जिना पाहून डोळा निवत होता, आणि त्याच जिन्यावर पाय ठेवता येत नव्हता. मुलाला सांगायचं काय? शेवाळ काढलं, सांधे नवे केले, एवढं म्हटलं तर त्यात खोटं काहीच नव्हतं. बंबवाले तर आपल्या अंगावर घ्यायला तयार होते, म्हणाले होते, सांगा, ह्या म्हाताऱ्याने पोखरलं. त्यांच्या बुटाकडे बघून कुणाचाही विश्वास बसला असता.

रविवारी दहा वाजता मुलगा आणि सून आली. मुलाच्या हातात घडी घातलेली चार मोठी खोकी होती. ती पाहून मावशींनी दाराची चौकट धरली आणि म्हणाल्या, "तिथंच थांबा. सिमेंट ओलं आहे."

मुलगा दोरीपाशी थांबला. पाटी वाचली. जिन्याकडे पाहिलं. मग पुन्हा पाहिलं.

"हा आपलाच जिना?"

"नाही, काल बदलून आणला. आपलाच की."

सून खाली बसली, खालच्या पायरीच्या कोरड्या भागावरून तिने तळहात फिरवला. "आई, हा दगड असा होता? मला वाटायचं हिरवाच असतो."

"मलाही तसंच वाटायचं."

बंबवाले दुकानाच्या फळीवर बसले होते. "काका, तुम्ही केलंत?" मुलाने विचारलं.

बंबवाल्यांनी मावशींकडे पाहिलं. "मी पाइप धरला," ते म्हणाले. या वाक्यात एकही मजला वाढवलेला नव्हता.

मुलाने एक खोकं उघडलं, उलटं केलं आणि त्यावर बसला. मध्ये अकरा पायऱ्या. गल्लीत रविवारची शांतता होती, त्यामुळे आवाज चढवावा लागत नव्हता. "छान झालंय आई. खरंच छान. पण सिमेंट कशाला लागलं?"

मावशींनी हात मांडीवर ठेवले.

"मी पोखरलं," त्या म्हणाल्या. "सांध्यांवर जवळून पाणी मारू नका असं लिहिलं होतं. मला वाटलं मला जास्त कळतं. शिवणीवर दोनदा इस्त्री फिरवतात तसं फिरवलं, आणि आतला सगळा चुना वाहून गेला. ती वरून तिसरी, ती डुगडुगायला लागली. माझा पाय तिच्यावर होता. पडले नाही, पण पडले असते. मग दोघांनी मिळून भरलं. आज संध्याकाळपर्यंत घट्ट होईल."

मुलाने मान खाली घातली. मावशी त्याच्या डोक्याकडे बघत राहिल्या. वरून दिसत होतं की माथ्यावर केस विरळ झालेत. हे त्यांना माहीत नव्हतं.

"हे तू मला सांगितलं नसतंस तर मला कळलं असतं का?" त्याने विचारलं.

"नसतं कळलं."

"काका बोलले नसते?"

"त्यांनी तर स्वतःवर घेतलं असतं."

मुलाने खोक्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. "तू पडलीस तेव्हा मला म्हणालीस दूध सांडलं. मी पंधरा दिवस दुधाचंच धरून बसलो होतो. पेपरवाल्याने सांगितलं तेव्हा मी ऑफिसात होतो, मला पुढचं काही दिसेना. मला जिन्याची भीती नाही वाटत, आई. तू खाली पडलेली असशील आणि फोनवर म्हणशील दूध सांडलं, याची वाटते."

मावशी नखातलं वाळलेलं सिमेंट काढत राहिल्या.

"आज न पडता सांगितलंस," मुलगा म्हणाला.

"हो."

सून अजून पायरीपाशीच होती. ती उठली, हात झटकले आणि साध्या आवाजात म्हणाली, "आपल्या मागच्या अंगणात याच्यापेक्षा जास्त शेवाळ आहे."

"कुठे?" मुलाने विचारलं.

"टाकीपाशी. मी दोनदा घसरलेय तिथं. एकदा बादलीसकट."

"मला बोलली नाहीस."

"तू आईंच्या पायऱ्या मोजत होतास."

बंबवाल्यांना खोकला आला. मावशींनी हात तोंडावर धरला.

मुलाने बायकोकडे पाहिलं, मग वर आईकडे, आणि मग हसला, नाइलाजाने. "म्हणजे मी आईला इथून उचलून तिथं घसरायला नेत होतो."

"नेत होतास," सून म्हणाली. "आई, ते मशीन चालवायला शिकवाल मला?"

"शिकवेन. पुस्तक आधी वाचायचं. सगळं. सोळावं पानसुद्धा."

"माझी एक अट आहे," मुलगा म्हणाला. "भिंतीच्या बाजूने कठडा बसवायचा. लोखंडी, वरपासून खालपर्यंत."

"कठडा म्हाताऱ्यांना लागतो."

"आई."

मावशींनी जिन्याकडे पाहिलं. वरून तिसरीकडे जरा जास्त. "बारीक असला पाहिजे," त्या म्हणाल्या. "आणि काळा. निळा नको, दवाखान्यासारखा."

"काळा. आणि पडलीस, घसरलीस, नुसती डुगडुगलीस तरी त्याच दिवशी फोन."

"दूध सांडलं तर?"

"तर दुधाचाही कर."

मुलाने उरलेल्या तीन खोक्यांची घडी उलगडलीच नाही. ती भिंतीला टेकवून त्याने कोट काढला आणि विचारलं, "याला पाणी मारायचं का? नव्या सिमेंटला पाणी लागतं ना?"

"लागतं. पण बेताने. दुकानातून बादली घे."

तो बादली भरून खालच्या पायरीशी आला, पाच बोटं पाण्यात बुडवली आणि झटकली. थेंब सांध्यावर बारीक, एकसारखे पडले. लहानपणी शाळेतून आल्यावर तो दुकानात वाळलेल्या कपड्यांवर असंच पाणी शिंपडायचा. हात विसरला नव्हता. वर मावशींनी तांब्या घेतला आणि त्या पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या पायरीवर शिंपडू लागल्या.

"जास्त होतंय तुझं," त्या वरून म्हणाल्या. "डबकं नको करू."

"तुझंही कोपऱ्यात राहिलंय."

दोघांचे हात चार-चार पायऱ्यांपर्यंत पोचत होते. मधल्या तीन कोरड्या राहिल्या. सून खालून वाकून बघत होती, पोचेल का याचा अंदाज घेत. बंबवाले फळीवरून उठले, घसा साफ केला आणि म्हणाले, "मधल्यांसाठी मी मशीन आणू का? पांढरं तोंड लावतो."

"नको," तिघंही एकदम म्हणाली, आणि सुनेने मुलाच्या हातातली बादली घेतली.